ना हरकत दाखला

नांदेडच्या एका बँकेत माधवराव वसमतकर गृहकर्जाच्या टेबलावर बसत. फौजी लोकांची कर्जप्रकरणं म्हटली की इतर अधिकारी कंटाळायचे. नवरा सीमेवर, बायको खेड्यात, सही एकीकडं आणि शिक्का दुसरीकडं. एका कागदासाठी महिना जायचा. माधवरावांना मात्र त्या कामाची गोडी होती. जवानांना व्याजात किती सूट मिळते, प्रक्रिया शुल्क कसं माफ होतं, निवृत्तीनंतर पेन्शनीतून हप्ते कसे चालू राहतात, जवानाचं काही बरंवाईट झालंच तर विम्यामुळं घर बायकोकडं कसं राहतं, हे सगळं ते समोरच्याला बसवून, पाणी देऊन सावकाश समजावून सांगत. मुखेड, कंधार, देगलूरकडच्या कितीतरी जवानांची घरं त्यांच्या टेबलावरून उभी राहिली होती. त्यांना त्याचा मनापासून अभिमान होता.

म्हणूनच ही गोष्ट सांगावीशी वाटते. वाईट माणसानं वाईट वागावं यात सांगण्यासारखं काही नसतं. माधवराव वाईट नव्हते.

जुलैमध्ये एके दिवशी बँकेचा पहारेकरी नरसिंग दोन बायकांना घेऊन त्यांच्या टेबलाशी आला. नरसिंग स्वतः फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचा. फौजीच्या घरचं कुणी आलं की तो त्यांना थेट माधवरावांकडंच आणायचा.

"साहेब, ह्या आमच्या मुखेडच्या. ह्यांचे मालक फौजेत हायेत. घर घ्यायचं म्हणून राहिल्या."

तिशी ओलांडलेली समीक्षा सूर्यवंशी आणि तिच्या सासूबाई पार्वतीबाई. समीक्षाचा नवरा प्रीतम सतरा वर्षं फौजेत होता, उत्तरेकडं बर्फातल्या एका चौकीवर. मुलगी दहावीत होती. पुढच्या वर्षी अकरावी सायन्सला तिला नांदेडला आणायचं, तर त्याआधी स्वतःचं घर व्हावं, एवढी साधी इच्छा. समीक्षानं प्रीतमनं दिलेलं मुखत्यारपत्र, पगाराच्या स्लिपा, युनिटचा दाखला असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून आणलं होतं.

"एकही कागद कमी नाही हो," माधवराव खूश होऊन म्हणाले. "असं प्रकरण आलं की काम करायला बरं वाटतं."

तीन आठवड्यांत कर्ज मंजूर झालं. मंजुरी सहा महिने चालणार होती. तेवढ्यात घर नक्की करायचं होतं.

"घर बघितलंय का कुठं?" माधवरावांनी विचारलं.

"बघून राहिलो सर. पण मनासारखं न्हाई मिळालं अजून."

"मग आमच्याच सोसायटीत बघा ना. उमाशंकररावांची लातूरला बदली झालीय, त्यांना फ्लॅट विकायचाय. पाण्याची अडचण नाही, कॉलेज जवळ. आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ना हरकत दाखला काय, दोन दिवसांत देतो."

ऑगस्टमध्ये प्रीतम सुटीवर आला. शिडशिडीत, कमी बोलणारा माणूस. माधवरावांना तो इतका आवडला की त्यांनी सोसायटीच्या अध्यक्षांना, साहेबरावांना, सांगून पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन त्याच्याच हातून करवलं. चोवीस घरांची सगळी माणसं खाली जमली. साहेबरावांनी प्रीतमला शाल घातली, पोरांनी त्याच्यासोबत फोटो काढले. "असे शेजारी मिळायला भाग्य लागतं," असं साहेबराव माइकवर म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात सूर्यवंशी कुटुंब फ्लॅट बघायला आलं. माधवराव सोबत होते, साहेबरावही सहज म्हणून आले. पार्वतीबाई स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून बघितला आणि पुन्हा बंद केला. उमाशंकररावांच्या बायकोनं चहा ठेवला. बोलता बोलता तिनं विचारलं, "नात कितवीत आहे? नाव काय तिचं?"

"धाव्वीत हाय. बुद्धप्रिया," पार्वतीबाई कौतुकानं म्हणाल्या. "नाव मीच ठिवलं."

चहाच्या कपात साखर हलवणारा चमचा थांबला. साहेबरावांनी माधवरावांकडं बघितलं. माधवरावांनी खिडकीकडं बघितलं. सूर्यवंशी या आडनावावरून सोसायटीच्या त्या माणसांनी मनात जातीची एक समजूत करून घेतली होती, आणि ती पोरीच्या नावानं पुसली गेली होती.

चहा झाला. सगळे हसून बोलले. प्रीतमच्या मात्र लक्षात आलं असावं. जिना उतरताना तो बायकोला हळूच म्हणाला, "दुसरीकडंबी बघून ठेव." समीक्षा म्हणाली, "वसमतकर सर हायेत की. ते तसले न्हाईत."

दोन दिवसांनी प्रीतम चौकीवर परतला. उमाशंकररावांनी विसार घेतला. त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती. फ्लॅट विकला जाऊन ते मोकळे झाले की झालं.

मग एका संध्याकाळी साहेबरावांच्या घरी समितीची बैठक बसली. पाच जण होते. जातीचं नाव कुणीही काढलं नाही. एक जण म्हणाला, आपल्याकडं सगळे शाकाहारी आहेत. दुसरा म्हणाला, सणवार कसे जमणार. तिसऱ्यानं उद्या आपल्या फ्लॅटला भाव येईल का, अशी काळजी बोलून दाखवली.

"माणूस चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही," साहेबराव म्हणाले. "देशासाठी उभा आहे, आपण मान दिलाच की त्याला. पण मान देणं वेगळं आणि भिंतीला भिंत लावून राहणं वेगळं. काय माधवराव?"

माधवराव म्हणाले, "कायद्यानं नाही म्हणता येणार नाही आपल्याला."

"नाही म्हणा असं कोण म्हणतंय? नाही म्हटलं की तक्रार होते. तुम्ही फक्त वेळ लावा. कागद मागत राहा. जानेवारीत मंजुरी संपते म्हणालात ना? आपोआप मिटेल. कुणाचं मनही दुखायचं नाही."

माधवराव वीस वर्षं त्या सोसायटीत राहत होते. मुलगी मृण्मयीसाठी स्थळं बघणं चालू होतं, त्यातली दोन साहेबरावांच्या ओळखीतून आलेली. ते गप्प बसले. गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरतात, हे त्यांना ठाऊक होतं.

इथून पुढं जे झालं, त्यात कुणी आवाज चढवला नाही, कुणी अपमान केला नाही. सगळं सभ्यपणानं झालं.

समीक्षा सप्टेंबरमध्ये आली तेव्हा माधवराव म्हणाले, मुखत्यारपत्र नव्या नमुन्यात लागेल. तिनं ते करून आणलं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी नोकरीचा ताजा दाखला मागितला. तो आला, तर त्यावरचा शिक्का पुसट निघाला. प्रत्येक वेळी ती मुखेडहून सकाळच्या एसटीनं यायची, दुपारपर्यंत बाकावर बसायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. सोसायटीच्या दाखल्याचं विचारलं की माधवराव म्हणायचे, "समिती एकदा कागद पूर्ण बघेल, मग लगेच देतो." तिला पाणी द्यायला ते कधी विसरले नाहीत. फक्त तिच्या डोळ्यांकडं बघणं त्यांनी सोडलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी सांगितलं की कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं एक नवं पत्र लागेल. खरं तर तसं पत्र बँकेला लागत नव्हतं. समोर काही तरी मागायचं म्हणून त्यांनी ते मागितलं.

त्यानंतर प्रीतमचा फोन आला. आवाज तुटत होता.

"सर, ते पत्र देतो मी. वेळ लागंल, चौकीवरून खाली जावं लागतं. पण एक इचारतो, राग मानू नका. कागदच कमी हाय ना? दुसरं काही कारण असंल तर सांगा. मी दुसरं घर बघीन. मला इथं डोकं शांत ठेवावं लागतं."

माधवरावांना खरं सांगायची ती सगळ्यात सोपी वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. ते म्हणाले, "नाही हो, कागदाचंच आहे. तुम्ही निर्धास्त राहा."

"मग हरकत न्हाई," प्रीतम म्हणाला.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात समीक्षा ते पत्र घेऊन आली. खुर्चीवर बसून तिनं ते टेबलावर ठेवलं. माधवराव ते उलटसुलट करत होते, तोच शिपायानं नव्या प्रकरणांचा गठ्ठा आणून समोर टाकला. सगळ्यात वरच्या फायलीवर पत्ता टाइप केलेला होता. समीक्षाला तो पाठ होता. तीच सोसायटी, तोच फ्लॅट. अर्जदार लातूरचा एक डाळ व्यापारी. फायलीला वरच सोसायटीचा ना हरकत दाखला जोडलेला होता आणि त्याखाली माधवरावांची सही होती. दाखल्यासाठी अर्ज केला तो दिवस आणि दाखला मिळाला तो दिवस, यांत चार दिवसांचं अंतर होतं. उमाशंकररावांनी विसार परत करतो म्हणून आठवड्यापूर्वी फोन का केला होता, ते तिला आता कळलं.

तिनं त्या सहीवर बोट ठेवलं.

"सर, आमच्यात कोणता कागद कमी होता?"

माधवरावांनी चष्मा काढला, पुसला. "समितीचा निर्णय असतो तो... माझ्या एकट्याच्या हातात..."

"मी समितीकडं आलतेच न्हाई सर. मी तुमच्याकडं आलते."

तिनं आपले कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि निघून गेली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर माधवरावांना सोपं गेलं असतं. ही माणसं अशीच, असं त्यांना स्वतःला सांगता आलं असतं.

बँक बंद झाल्यावर ते बाहेर पडले. नरसिंग दारात होता. रोज तो उभा राहून नमस्कार करायचा. आज तो स्टुलावर बसूनच राहिला.

"नरसिंग, तुम्हाला कळलं असेल."

"हाव. त्या बाईनं बसस्टँडला जाताना सांगितलं." त्यानं बंदूक भिंतीला टेकवली. "साहेब, ते कमांडिंग ऑफिसरचं पत्र बँकेला लागत न्हाई. अकरा वर्षं झाली मी इथं उभा हाय, शेकड्यानं फौजी आणले तुमच्याकडं. कुणाला मागितलं न्हाई तुम्ही ते."

माधवराव पायरी उतरू लागले.

"त्या एका शिक्क्यापायी प्रीतम दोन दिवस बर्फातून चालत खाली आला. रस्ता बंद होता. सोबतच्या पोराचा पाय घसरला, त्याला पाठीवर घेऊन आला. माझ्या युनिटचा एक जण हाय तिकडं, त्यानं फोनवर सांगितलं. तुम्हाला नुसता टाइमपास करायचा होता."

"मला माहीत नव्हतं हे."

"माहीत करून घ्यायचं नव्हतं." नरसिंगचा आवाज चढला नव्हता. "मी तुम्हाला फौजेत जात नसते असं सांगणार न्हाई साहेब. तिथंबी माणसंच असतात. पण तिथं पहारा बदलला की आपण झोपतो, आन् बाहेर कोण उभा हाय त्याचं आडनाव इचारून झोपत न्हाई. तुम्ही समदे इथं तसंच झोपता की. बाहेर प्रीतम उभा असला तर झोप लागती. शेजारच्या फ्लॅटात त्याच्या पोरीचं नाव ऐकू आलं की मोडती."

माधवराव खाली मान घालून उभे होते.

"साहेबरावानं केलं असतं तर मला काही वाटलं नसतं. त्याला कोण ओळखतो? मी लोकांना तुमच्याकडं घेऊन येत होतो. आता माझंबी तोंड काळं झालं."

त्या आठवड्यात माधवरावांनी जेवण टाळलं, माणसं टाळली. बायको इंदूनं खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. इंदूनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी बैठकीहून आलात तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी काय म्हटलं असतं, तेच मला कळत नाहीये. गप्प बसा, असंच म्हटलं असतं बहुतेक." ती खोटं बोलत नव्हती. माधवरावांना ते जास्त लागलं.

रविवारी ते एसटीनं मुखेडला गेले. सूर्यवंशींचं घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रे. बुद्धप्रिया दाराशी पुस्तक घेऊन बसली होती, ती उठून आत गेली. पार्वतीबाईंनी सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला. माधवराव पाणी प्यायले आणि मग त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. बैठक कधी झाली, कोण काय म्हणालं, आपण कसे गप्प बसलो, कोणता कागद खोटा मागितला.

"मी चुकलो," ते म्हणाले. "दुसरं चांगलं घर मी स्वतः शोधून देतो. मंजुरीची मुदत वाढवून घेतो. जे लागेल ते करतो."

पार्वतीबाई हसल्या, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. "साहेब, आम्ही कामाला नांदेडात आलो तवा खोली बघायला जायचो. आधी नाव इचारायचे, मग आडनाव, मग गाव. मग म्हणायचे, खोली कालच दिली. त्याच येळंला कळायचं. रात व्हायच्या आत दुसरीकडं इचारता यायचं. तुम्ही सहा महिने पाणी पाजलं."

माधवरावांचे डोळे भरून आले. समीक्षा मात्र कोरडी होती.

"घर आम्ही बघू सर. तुम्ही शोधलेलं नको. माफीचंबी माझ्या हातात न्हाई, बर्फातून चालले त्यांना इचारा." तिनं कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढं ठेवलं. "आत्ता जे तोंडानं सांगितलं ते लिहून द्या. तारखेसकट. दाखला का दिला न्हाई ते. तुम्ही इतके कागद मागितले माझ्याकडून. मी एकच मागते."

माधवरावांनी पेन उचललं. त्या कागदाचा अर्थ त्यांना चांगला समजत होता. सहकार खात्यात तक्रार, पोलिसांत तक्रार, बँकेत चौकशी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मृण्मयीचं लग्न ठरायचं होतं. साहेबरावांनी शिकवलेला मार्ग अजूनही मोकळा होता. समितीच्या नावावर ढकलायचं आणि उठून निघायचं.

दाराच्या आड बुद्धप्रिया उभी होती. ती काही मागत नव्हती. फक्त बघत होती, हा माणूस आता काय करतो ते.

माधवरावांनी लिहायला घेतलं. "अर्जदारांच्या कागदपत्रांत कोणतीही त्रुटी नव्हती. ते बौद्ध आहेत हे कळल्यामुळं त्यांना दाखला देऊ नये असं समितीत ठरलं. मी त्यास विरोध केला नाही. उलट खोटी कारणं सांगून सहा महिने घालवले." खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली. सही करताना त्यांना जाणवलं की त्यांच्या सगळ्या नोकरीत याहून खरा कागद त्यांच्या हातून लिहिला गेला नव्हता.

समीक्षानं कागद वाचला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. "संध्याकाळची गाडी पाचला हाय," ती म्हणाली.

पुढं सगळं गोड झालं असतं, तर सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. व्यापाऱ्याच्या नावानं खरेदीखत झालं होतं, तो फ्लॅट हातचा गेला. तक्रारीवर चौकशी बसली, ती अजून चालू आहे. साहेबराव अध्यक्षपदावरून उतरले, पण सोसायटीत दोष माधवरावांनाच मिळाला. जिन्यात लोक त्यांना बघून फोन कानाला लावतात. ठरत आलेलं एक स्थळ फिरलं. बँकेनं त्यांना त्या टेबलावरून हलवून चौकशीला उभं केलं. त्यांनी प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं जे मुखेडला लिहून दिलं होतं. एक शब्द फिरवला नाही.

बुद्धप्रिया अकरावीला वसतिगृहात राहिली. दीड वर्षानं प्रीतमनं विष्णुपुरीच्या बाजूला लहानसं घर घेतलं, दुसऱ्या बँकेचं कर्ज काढून. पार्वतीबाई ते घर बघायला राहिल्या नाहीत. त्याआधीच्या पावसाळ्यात मुखेडच्या पत्र्याखालीच वारल्या. नव्या घराच्या कार्यक्रमाला नरसिंगला बोलावणं होतं. माधवरावांना नव्हतं, आणि ते असावं असं त्यांनाही वाटलं नाही.

वाचकहो, जवानाला घर मिळावं म्हणून सरकार सवलत देतं, बँक व्याज कमी करते, कायदा त्याच्या बाजूनं उभा राहतो. हे सगळं असूनही प्रीतमचं कुटुंब बाहेर राहिलं. कारण शेजार देणं कुठल्याही सरकारच्या हातात नसतं, ते आपल्या हातात असतं. आणि तो नाकारायला दांडगाई करावी लागत नाही. पाच सभ्य माणसांच्या बैठकीत एका भल्या माणसानं गप्प बसलं की तेवढं पुरतं. तुमच्या सोसायटीत, तुमच्या गल्लीत अशी बैठक भरली, तर तिथंच, त्याच वेळी बोला. नंतरचं खरं बोलणंही बोलावंच लागतं, पण तोवर कुणाची तरी म्हातारी भाड्याच्या खोलीत मरून गेलेली असते.